बोळ्याच्या नावावर

६ जानेवारी

प्रिय बेबी,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुला फोनवर ऐकू येत नाही, तू "काय? काय?" करतेस, मग मला ओरडावं लागतं आणि हॉलमध्ये बसलेलं अख्खं घर ऐकतं. आजचा विषय ओरडून बोलण्यासारखा नाही. विषय शी-शूचा आहे.

आपल्याकडे ससा आलाय. चिमीला नववं लागलं त्या दिवशी तिच्या मावशीने आणून दिला. देताना गोड हसली, निस्तरायला मात्र थांबली नाही. पांढराशुभ्र आणि गोल आहे. आपल्या लाँड्रीत कपड्यांवरचे डाग पुसायला मी कापसाचा बोळा करायचो ना, अगदी तसा. मी सहज "बोळा" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. चिमी त्याच्यावर जीव टाकते. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि ही सोफ्याखाली पालथी.

पण गडी जाईल तिथे गुण उधळतो. गोळ्यांचं एवढं काही नाही, मिऱ्यांसारख्या कोरड्या असतात, झाडून घेतल्या की झालं. खरी कटकट सोफ्याची आहे. उजवी बाजू दोनदा भिजली. सूनबाई दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तक्रारी ऐकून येते, वर घरी हे. तिने मला विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा, हे कशाचं?" मी वाकून बघितलं आणि सांगितलं, सशाचं. डागाच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा, तुला माहीत आहेच. एवढी वर्षं लोकांनी मला डागकाका उगाच नाही म्हटलं.

तर आता फर्मान निघालंय. चिमीची वार्षिक परीक्षा संपेपर्यंत सशाला ट्रेमध्ये करायची सवय लागली तर तो राहील. नाही लागली तर देऊन टाकायचा. तुझा भाचा तर आजच कुणाला तरी विचारायला निघाला होता, मी मध्ये पडलो म्हणून थांबला. पोरीने रात्रीचं जेवण टाकलं.

तू त्या संशोधन संस्थेच्या प्राणीघरात अख्खी नोकरी सशांमध्ये काढलीस. काहीतरी सांग. पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

तुझा
दादा

१४ जानेवारी

दादा,

नोकरीत असताना तुम्ही सगळे मला "सशांची आया" म्हणून चिडवायचात. आता बरी आठवण झाली! असो. चिमीसाठी सांगते, तुझ्यासाठी नाही.

पहिली गोष्ट, ओरडायचं नाही. ससा ओरडण्याने शरमत नाही, नुसता घाबरतो, आणि घाबरला की जास्त करतो. दुसरं, जागा त्याची त्याला निवडू दे. तो बहुतेक वेळा कुठल्यातरी एकाच कोपऱ्यात जात असेल. तिथेच ट्रे ठेवा. चांगला ऐसपैस, त्याला वळता येईल असा. त्यात कागदाचे तुकडे पसरा आणि एका कडेला भरपूर सुकं गवत. सशाला खाता खाताच करायची सवय असते. घाण वाटली तरी ते तसंच आहे, नाकं मुरडू नका.

आता खास तुझ्यासाठी. ट्रे घासून लख्ख करायचा नाही! मी तुला ओळखते. तू फिनेल ओतून तो चकाचक करणार आणि त्याला स्वतःचा वास सापडणार नाही. रोज वरचं ओलं काढायचं, पण थोड्या गोळ्या तशाच राहू द्यायच्या. बाहेर सांडलेल्या गोळ्या उचलून ट्रेमध्ये टाकायच्या, म्हणजे त्याला कळतं की हे इथलं आहे. सुरुवातीला त्याला सगळं घर मोकळं देऊ नका. एक कोपरा जमला की मग पुढचा. आणि मोठा झाला की डॉक्टरकडून त्याचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर स्वारी जिथे तिथे आपली हद्द आखत फिरेल.

सोफ्याचं म्हणशील तर सशाची लघवी वाळली की खडूसारखी पांढरी पूड राहते. त्यावर व्हिनेगर लावायचं. पण हे मी डागकाकांना काय शिकवणार?

चिमीला म्हणावं, धीर धर. सशाला शिकवता येतं. माणसांपेक्षा लवकर शिकतात.

बेबी

२ मार्च

प्रिय बेबी,

तुझ्या तोंडात साखर पडो. बोळा शिकला!

चिमीने तुझं पत्र पाठ केलंय. स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा कोपरा त्याने निवडला, तिथे ट्रे ठेवला. पोरगी बाहेरच्या गोळ्या चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकायची आणि त्याला समजावून सांगायची, "हे बघ, हे तुझं ऑफिस." आता तो उड्या मारत ऑफिसला जातो, गवत चघळत बसतो, काम उरकतो आणि परत येतो. मी स्वतः बघितलंय. मी फिनेलची बाटली हातात घेतली होती हेही खरं आहे, चिमीने काढून घेतली.

पण सोफा मात्र अजून भिजतो. तीच उजवी बाजू. दुपारी घरात बोळा आणि मी दोघंच असतो. सूनबाई संध्याकाळी येते आणि तिचा हात सरळ त्या गादीवर जातो. मग चिमीला बोलणी बसतात. "तू नीट शिकवलं नाहीस, तुला कशाचीच जबाबदारी नाही." पोरगी म्हणते, "मी बघितलं, तो ट्रेमध्येच करतो." मग सूनबाई माझ्याकडे बघते. मी काय म्हणणार? डाग वाळून पांढरा दिसतो, तू म्हणालीस तसाच. मी तेच सांगतो.

पण मी बोळ्याची बाजू सोडलेली नाही. लहान जीव आहे, चुकेल, शिकेल, असं मी दर वेळी म्हणतो. काल चिमी माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजोबा, या घरात तुम्ही एकटेच बोळ्याच्या बाजूचे आहात."

तुला एक विचारायचं होतं. सशाला झोपेत कळत नाही असं होऊ शकतं का? म्हणजे झोप लागली आहे आणि त्याला स्वतःलाच पत्ता नाही, असं? सहज विचारतोय.

दादा

९ मार्च

दादा,

ट्रेला जाणारा ससा रोज सोफ्याच्या एकाच बाजूवर चढून करतो, हे मला पटत नाही. आणि झोपेत? मी तरी पाहिलेलं नाही. पण मुताची पिशवी बिघडली असेल तर सशाला धरवत नाही, हे मात्र खरं आहे. त्यात दुखतंही फार, आणि ती मुकी जात सांगत नाही. अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरला दाखवा. चिमीला म्हणावं, तुझी काही चूक नाही, तुझा ससा आजारी असेल.

इतके दिवस मी नुसती ट्रेच्या गप्पा मारत बसले, हे आधी सुचायला हवं होतं.

बेबी

३० मार्च

बेबी,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तू सांगितलंस तसं बोळ्याला डॉक्टरकडे नेलं. चिमी आणि मी गेलो. त्यांनी त्याला उताणा धरला, पोट दाबून बघितलं, सुई टोचून रक्त काढलं, फोटो काढला. ससा ओरडत नाही गं, नुसता थरथरतो. चिमीने त्याचं डोकं आपल्या हाताखाली घेतलं होतं आणि त्याच्या कानात सांगत होती, "आता बरा होशील हं." डॉक्टर म्हणाले, मला तर काही दिसत नाही, पण तुम्ही म्हणताय तर औषध देऊन बघू. आता सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडात पिचकारीने कडू औषध घालतात. तो तोंड फिरवतो, चिमी रडते आणि घालते. शिवाय रात्रभर त्याला पिंजऱ्यात ठेवतात आणि पिंजरा गॅलरीत.

ससा आजारी नाही, बेबी. सोफा मी भिजवतो.

लिहिलं एकदाचं. दुपारी जेवून मी त्या उजव्या बाजूला टेकतो, डोळा लागतो आणि जाग येते ती ओल्यात. कळतच नाही. पहिल्या वेळी माझी बोबडीच वळली. उठलो, पायजमा बदलला, धुतला, गादी पुसली, आणि पुसता पुसताच सूनबाई दारात. तिने विचारलं, कशाचं? समोर ससा कान खाजवत बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, सशाचं. तेवढंच. तेव्हा वाटलं होतं, एकदाच तर झालंय, पुन्हा कशाला होतंय.

आणि पुढचं सांगायला तर मला तोंडच नाही. तू लिहिलं होतंस ना, सशाचं वाळलं की पांढरी पूड राहते? माझं राहत नव्हतं. एकदा सूनबाई म्हणाली, "बाबा, पण हा डाग पिवळट दिसतोय." तिला तुझं पत्र चिमीने वाचून दाखवलेलं. दुसऱ्या दिवशी मी चिमीच्या फळ्याजवळच्या डबीतला पांढरा खडू घेतला, पूड केली आणि ओल्या डागाच्या कडेने लावली. ब्रशने, नीट, आतून बाहेर. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले आणि म्हातारपणी डाग बनवायला बसलो. चांगला जमला, हे सांगतानाही मला स्वतःची शिसारी येते.

तू म्हणशील, सांगून का टाकत नाहीस? अगं, कसं सांगू? आधी सोफ्यावर रबरी कापड येईल. मग मला बांधायला लहान पोरांचं असतं तसलं काहीतरी आणतील. मग मी बसलो की लोक नाकाला रुमाल न लावता नुसते जरा लांब बसतील. सूनबाई वाईट नाही, ती धुवेल, न बोलता धुवेल, आणि तेच मला सहन होणार नाही. सगळ्या गावाचं धुतलं मी, माझं कुणी धुवावं हे मला झेपत नाही.

आणि मी बोळ्याची बाजू घेतो ना, ती काही त्याच्या प्रेमाने नाही. तो गेला तर सोफा कुणाच्या नावावर खपवू? म्हणून घेतो. आणि ती पोरगी माझ्या गळ्यात पडते.

कुणाला बोलू नकोस. तुला चिमीची शपथ.

दादा

५ एप्रिल

दादा,

पत्र फाडलं. आधी दोनदा वाचलं आणि तू समोर नसताना तुला भरपूर शिव्या दिल्या. शेजारीण विचारायला आली, कुणाशी भांडताय म्हणून.

लाज तुला पायजम्याची वाटते आहे? त्याची काय लाज! आपल्या वयात निम्म्या लोकांना हे होतं, त्याला डॉक्टर असतात, गोळ्या असतात. मला स्वतःला शिंक आली की जागच्या जागी उभं राहावं लागतं, घे, आता सांगूनच टाकलं. लाज वाटायची तर खडूची वाटू दे. मी पोरीला मदत व्हावी म्हणून लिहिलं आणि तू त्यातून हे उचललंस? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि डॉक्टरकडे न्या म्हणून त्या जिवाला सुया टोचायला लावल्या त्या मीच. त्यातली अर्धी चूक माझ्या गळ्यात आली, कारण तू मला खरं सांगितलं नाहीस.

मी कुणाला सांगणार नाही. शपथेसाठी नाही, तर हे सांगणं तुझं आहे म्हणून. ते औषध आजच्या आज बंद कर. काहीही कारण सांग, नाहीतरी कारणं तुला सुचतातच. आणि मग सगळ्यांना समोर बसवून बोल. पोरीची परीक्षा संपायच्या आत. "योग्य वेळ बघून सांगतो" असं मला लिहू नकोस.

तू माझा मोठा भाऊ आहेस. आईने मला मारलं की तू मध्ये येऊन उभा राहायचास. त्या तुला मी हे लिहिते आहे.

बेबी

२६ एप्रिल

प्रिय बेबीआजी,

साष्टांग नमस्कार. माझी परीक्षा संपली. पप्पांबरोबर बोळ्याला पाठवते आहे. आई म्हणाली दुकानदाराला परत देऊ, पण मी म्हटलं, बेबीआजींना दिला तर मी रडणार नाही. म्हणून तुमच्याकडे. मी थोडीशीच रडले.

ट्रे पण पाठवते आहे. धुवू नका, त्याच्यात मी मुद्दाम थोड्या गोळ्या ठेवल्या आहेत. हे तुम्हीच लिहिलं होतं, पण तुम्ही विसरला असाल. गवत नेहमी डाव्या बाजूला लागतं, उजवीकडे ठेवलं तर तो वळताना पाडतो. ट्रेमध्ये बसला असताना त्याच्याकडे बघू नका, त्याला आवडत नाही. कोथिंबीर दिली तर तो आधी काड्या खातो. पंख्याला घाबरतो. तो घाबरला की पुढचे पाय माझ्या मानेवर ठेवतो, तेव्हा हलायचं नाही.

आई सांगेल की त्याला सोफ्यावर करायची सवय आहे. तुम्ही सोफ्यावर कापड घालू नका. तुमच्याकडे तो अजिबात नाही करणार. मला कसं माहीत ते मी सांगू शकत नाही. आजोबांना पण विचारू नका, प्लीज. आजोबांशी बोळ्याबद्दल काहीच बोलू नका, त्यांना वाईट वाटतं.

पप्पा म्हणाले, जो घर घाण करतो त्याला दुसरीकडे द्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. मग मी जास्त हट्ट नाही केला.

मला मोठ्या सुट्टीत तुमच्याकडे यायला मिळेल का? त्याला माझा आवाज आठवत राहावा म्हणून तुम्ही रोज एकदा माझं नाव त्याच्याजवळ घ्या.

तुमची
चिमी

२८ एप्रिल

दादा,

बोळा काल आला. माझा भाचा चहा घेऊन लगेच परत गेला. हा पठ्ठ्या खोक्यातून उतरला, घरभर नाक फिरवलं आणि सरळ ट्रेमध्ये. आज संध्याकाळपर्यंत एक थेंब बाहेर नाही. असा शिकलेला ससा मी प्राणीघरातही क्वचित पाहिला. त्या पोरीच्या हातात काहीतरी आहे.

तिने त्याच्याबरोबर पत्र दिलंय. ते तुला पाठवणार नाही, तिने माझ्यावर विश्वास टाकलाय. एवढंच सांगते, तिला माहीत आहे, दादा. किती दिवसांपासून ते मला ठाऊक नाही. आणि ती ते तुझ्यापासून लपवते आहे.

मी आता काही सांगणार नाही.

बेबी

११ मे

बेबी,

आधी कामाचं. रविवारी तिघंही तुझ्याकडे येतायत, बोळ्याला न्यायला. खोकं तयार ठेव. मी डॉक्टरकडे जाऊन आलो, सूनबाईने रजा काढून नेलं. वयाने प्रोस्टेटची गाठ वाढली आहे म्हणतात, गोळ्या दिल्यात, त्यांनी नाही भागलं तर छोटं ऑपरेशन. हे इतके महिने अंगावर काढायची काही गरजच नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं.

आता झालं कसं ते सांगतो. तुझं पत्र आलं आणि तरीही मी गप्प बसलो. ऐकते आहेस ना? तरीही. बोळा गेल्यापासून मी पाणी पिणं कमी केलं होतं आणि सोफा सोडून लाकडी खुर्चीत बसत होतो. सगळे म्हणत होते, बघा, ससा गेला आणि सोफा सुटला. मी म्हणायचो, हो ना. चिमीला शाळेला सुट्टी लागलेली. ती त्या रिकाम्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, पण पान उलटायची नाही.

मग परवा दुपारी डोकं जड झालं, भोवळ आल्यासारखं वाटलं म्हणून सोफ्यावर टेकलो. जाग आली ती तशीच, ओल्यात. आणि कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. सूनबाई त्या दिवशी लवकर आली होती. मला हलता येईना. ससा नाही, खडू नाही, काही नाही.

तेवढ्यात चिमी स्वयंपाकघरातून पाण्याचा मोठा तांब्या घेऊन धावत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. अख्खा तांब्या माझ्या मांडीवर आणि सोफ्यावर उपडा केला आणि ओरडली, "आई, माझ्या हातून पाणी सांडलं! आजोबांचे कपडे पण भिजले!"

सूनबाई थकून आलेली, तिचा तोल गेला. "ससा गेला तरी तू माझ्या सोफ्याची पाठ सोडू नकोस! एक काम धड करशील तर शपथ!" आणि पाठीत एक धपाटा घातला. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "जाऊ दे गं, लहान आहे."

कपडे बदलायला आत गेलो आणि आरशात बघवेना. ती आत आली, माझा ओला पायजमा उचलला आणि म्हणाली, "मी बादलीत टाकते, आजोबा. पाणीच आहे." नऊ वर्षांची पोर माझी समजूत घालत होती.

रात्री जेवायला सगळे बसले तेव्हा मी सांगितलं. तुझ्या भाच्याने घास परत ताटात ठेवला. मी म्हटलं, ते सशाचं कधीच नव्हतं, पहिल्यापासून माझं होतं. चिमी ताडकन उठली. "खोटं बोलतायत आजोबा! पाणी मीच सांडलं! आई, त्यांना विचारू नकोस, ते विसरतात!" मी तिचा हात धरला आणि खडूचंही सांगितलं. डाग कसा करायचो, ब्रश कसा फिरवायचो, सगळं. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, मी तुमच्या शब्दावर पोरीला बोलत राहिले."

तेव्हा चिमीला रडू फुटलं. अशी रडताना मी तिला बघितलं नव्हतं, बोळा गेला तेव्हाही नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडली. चिडायलाच हवं होतं. पण ती तुझ्या भाच्याकडे वळली आणि हुंदके देत विचारायला लागली, "मग आता आजोबांना कुणाकडे द्यायचं?"

तिने पुन्हा विचारलं. आजोबांसाठी अशी जागा बघा म्हणाली, जिथे तिला शाळेतून आल्यावर जाता येईल. सूनबाईने उष्ट्या हातानेच तिला जवळ ओढलं. तुझा भाचा तसाच उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आला नाही.

नंतर झोपताना तिने मला सांगितलं. फळ्यावर लिहायला गेली तेव्हा डबीत खडू कमी दिसले आणि माझ्या नखात पांढरी पूड. परीक्षेच्या आधीच, बोळ्याचं औषध चालू होतं तेव्हा. तिला वाटत होतं, घरात एकच कुणीतरी राहू शकतं, बोळा नाहीतर मी. आणि बेबी, तिने मला ठेवून घेतलं. आणि मी, सगळं कळत असून, राहिलो.

तुझा
दादा